‘खो’ मिळण्यापूर्वीचा क्षण

पावसाळा ओसरू लागला, आमच्या परळीच्या काळ्या मातीतील चिखल सुकला आणि तिच्यावर चुन्याची रेघ नीट उमटू लागली, की शाळांच्या तालुका सामन्यांचे दिवस येतात. ह्या दिवसांत गावातील कोणत्याही मैदानावरून जावे, तर पंचाची शिट्टी आणि तिच्या पाठोपाठ उठणारा गलका ही दोन्ही कानांवर आल्यावाचून राहत नाहीत. ह्या गलक्याचे कारण शोधू जाता एक चमत्कारिक गोष्ट आढळून येते. कोण बाद झाला आणि कोणाचे गुण किती झाले, ह्यावरून जेवढा वाद होतो, त्याहून अधिक वाद चाल सुरू होण्याच्या अगोदर काय घडले, ह्यावरून होतो. ‘खो मिळण्याआधीच ती उठली’, ‘दम मध्यरेषेच्या पलीकडे जाऊन सुरू केला’, ‘शिट्टी वाजण्यापूर्वीच हा पळत सुटला’ अशीच वाक्ये बहुधा ऐकू येतात. खेळ जेथे दिसतो तेथे सर्वांचे एकमत, आणि खेळ अद्याप सुरूच झालेला नाही तेथे मतभेद, असा हा प्रकार आहे.

ह्या मतभेदाचे मूळ काय, आणि अशा क्षणी पंचाने नियमाचा अर्थ कसा लावावा, ह्याविषयी आम्ही ह्या महिन्यात चार शब्द लिहिण्याचे योजिले आहे. विषय मुलांच्या खेळाचा म्हणून वडील मंडळींनी पान उलटू नये, अशी विनंती आहे. कारण ज्या प्रश्नाने मैदानावरचा पंच गोंधळतो, तोच प्रश्न घरातील कर्त्या माणसापुढेही नित्य उभा असतो.

खो-खो हा खेळ आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ च्या सुमारास त्याला नियमांची चौकट घालून दिली, तेव्हापासून मैदानाच्या मापांत व डावाच्या मिनिटांत पुष्कळ फेरफार झाले. परंतु खेळाचा गाभा होता तसाच आहे. दोन खांबांमधील मध्यपाटीवर आठ चौरस. त्यांत आठ गडी एकाआड एक विरुद्ध दिशांस तोंडे करून बसलेले. आणि नववा गडी पाठलाग करणारा. ह्या नवव्याचे हात-पाय नियमाने किती बांधून टाकले आहेत, ते पाहा. मध्यपाटी त्याने ओलांडावयाची नाही. एकदा धरलेली दिशा खांबापर्यंत गेल्यावाचून सोडावयाची नाही. उलट पळणाऱ्याने वाटेल त्या दोन गड्यांमधून निघून जावे, वाटेल तेव्हा वळावे. त्याला आडकाठी नाही. अशा स्थितीत पाठलाग करणाऱ्याला पळणाऱ्यावर मात करण्याचा एकच उपाय उरतो. तो म्हणजे आपण थांबावे, बसलेल्या सोबत्याला पाठीमागून स्पर्श करून मोठ्याने व स्पष्ट ‘खो’ म्हणावे, आणि त्याने उठून आपले काम पुढे चालवावे.

येथे लक्षात घ्यावयाचे ते हे, की बसलेल्या गड्याचे तोंड पाठलाग करणाऱ्याकडे नसते. सोबती मागून येत आहे हे त्याला पावलांच्या आवाजावरून कळते, परंतु तो आपल्याच पाठीशी थांबणार, की पुढे जाऊन तिसऱ्याला उठवणार, हे त्याला कळत नाही. ते सांगण्याकरिता स्पर्श आणि शब्द ही दोन साधने आहेत. पळणारा मात्र हे सर्व डोळ्यांनी पाहत असतो. कोणाच्या पाठीवर हात पडला, कोण उठणार, कोणत्या दिशेने येणार, हे त्याला त्या हातावरून आणि त्या शब्दावरून समजते. आणि तेवढ्या अवधीत तो आपली वाट ठरवतो. म्हणजे ‘खो’ हा शब्द वरवर पाहता सोबत्याला दिलेली आज्ञा वाटला, तरी तो त्याच वेळी प्रतिपक्षाला दिलेली सूचनाही असतो. बसलेला गडी ‘खो’ मिळण्यापूर्वी उठला, म्हणजे आज्ञा मिळण्याआधी कामाला लागला, एवढाच त्याचा अपराध नव्हे. त्याने पळणाऱ्याची सूचना हिरावून घेतली, हा खरा अपराध होय.

कबड्डीतही हेच तत्त्व आहे. चढाई करणाऱ्याने प्रतिपक्षाच्या अंगणात पाऊल टाकण्यापूर्वी दम सुरू केला पाहिजे. दम उशिरा सुरू झाला, तर पंच त्याला परत पाठवतो, आणि प्रतिपक्षाला तांत्रिक गुण व चढाईची पाळी मिळते. ‘मी आलो’ असे आवाजाने सांगितल्यावाचून दुसऱ्याच्या अंगणात शिरू नये, हा त्यातील आशय. आमच्या लहानपणी हुतूतू म्हणून खेळत तेव्हा हे नियम कोणी पुस्तकात वाचले नव्हते; परंतु दम न धरता आत घुसणाऱ्याला ‘चोर’ म्हणत, ह्यावरून नियमाचे मर्म पोरांनाही ठाऊक होते असे म्हणण्यास हरकत नाही.

आता ह्या नियमांची अंमलबजावणी किती कठीण, ते पाहू. खो-खोत दोन पंच असतात. ते मैदानाच्या बाहेरील बाजूस उभे राहतात, आणि मध्यपाटीने विभागलेला आपापला भाग सांभाळतात. गडी कोठे बाद झाला, हे पाहण्यास एक डोळा पुरतो. परंतु आधी उठला की नाही, हे ठरवण्यास पंचाला एकाच क्षणी तीन गोष्टी टिपाव्या लागतात: देणाऱ्याचा हात, देणाऱ्याचा शब्द आणि घेणाऱ्याचा गुडघा. पहिली व तिसरी गोष्ट डोळ्यांची, दुसरी कानांची. आणि भोवती दोन शाळांची शेकडो मुले ओरडत असतात! त्यातून चांगला बसणारा गडी निवांत बसलेला नसतोच. त्याचे अंग धनुष्यासारखे ताणलेले, टाच उचललेली, हात जमिनीला टेकलेले असतात. ताणलेले अंग किंचित पुढे झुकले, म्हणजे तो ‘उठला’ काय? टाच हलली, म्हणजे उठला काय? नियमाचे पुस्तक ‘खो मिळाल्यावाचून उठू नये’ एवढेच सांगते. ‘उठणे’ ह्या क्रियापदाचा आरंभ शरीराच्या कोणत्या हालचालीपासून धरावा, हे ठरवणे शेवटी पंचाकडेच येते.

काही वर्षांपूर्वी आम्ही पाहिलेला मुलींचा एक सामना ह्या संदर्भात सांगण्याजोगा आहे. शाळांची नावे सांगण्याचे प्रयोजन नाही. शेवटच्या पाळीची शेवटची मिनिटे चालली होती, आणि एक गडी बाद होण्यावर जय-पराजय अवलंबून होता. पाचव्या चौरसातील एक सडपातळ मुलगी उठली आणि तिने सूर मारून पळणारीला टिपले. तिच्या बाजूच्या मुली आनंदाने नाचू लागल्या, तोच शिट्टी वाजली. पंचांनी नियमभंग दिला. नियमभंगातून बाद केलेला गडी बाद धरत नाहीत. पाठलाग करणाऱ्याला उलट दिशेने जावे लागते. ती मुलगी उलट दिशेने निघाली, परंतु तेवढ्यात वेळ संपली. तिच्या संघाच्या शिक्षकांचे म्हणणे असे, की ती अशीच सकाळपासून उठत होती, आणि ह्याच पंचांनी पहिल्या डावात एकदाही शिट्टी वाजवली नव्हती. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे, की पहिल्या डावात चोरी पकडली नाही, म्हणून शेवटच्या डावात ती चोरी होत नाही काय? दोन्ही म्हणणी आमच्या कानांवर पडली. आणि खरे सांगावयाचे तर दोन्ही आम्हास खरी वाटली. त्या मुलीला मात्र कोणीच काही सांगितले नाही. ती खांबाला टेकून पाय झाडीत उभी होती.

असल्या सामन्याला ‘पोरांचा खेळ’ म्हणून सोडून देणाऱ्यांनी थोडा विचार करावा. दोन लाकडी खांब आणि चुन्याची फक्की ह्यांखेरीज ज्या खेळाला काही लागत नाही, तो गरिबाच्या मुलांचा खेळ असतो. आमच्या बीड जिल्ह्यातून सहस्रावधी कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. त्यांच्या मुलींना शाळेत राहण्यास जी थोडी कारणे मिळतात, त्यांत संघातील जागा हे एक असते. दहावी-बारावीच्या परीक्षेत खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंकरिता पाच टक्के जागा राखीव आहेत. जानेवारी २०२५ मध्ये दिल्ली येथे खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. तीत भारताच्या पुरुष व महिला अशा दोन्ही संघांनी नेपाळचा पराभव करून चषक जिंकले. त्या महिला संघाची कर्णधार प्रियंका इंगळे ही मूळची आमच्याच जिल्ह्यातील केज तालुक्याची. तालुक्याच्या मैदानापासून दिल्लीपर्यंत वाट आहे, हे आता इकडच्या प्रत्येक मुलीला ठाऊक झाले आहे. म्हणूनच तालुक्याच्या पंचाची शिट्टी पूर्वीइतकी हलकी राहिलेली नाही.

तर मग पंचाने करावे काय? अक्षराला चिकटून बसावे, की आशय पाहावा? हा प्रश्न नवा नाही. आपल्याकडील मीमांसकांनी वाक्याचा अर्थ लावण्याच्या शास्त्रात शतकानुशतके हेच केले. त्यांनी विधींचे जे प्रकार सांगितले आहेत, त्यांत ‘नियमविधी’ म्हणून एक आहे. त्याचे ठरीव उदाहरण असे: यज्ञाकरिता साळीचे तूस काढावयाचे आहे. ते नखांनी सोलूनही निघेल. परंतु शास्त्र सांगते, ते कांडूनच काढावे. तूस निघणे हे फल डोळ्यांना दिसणारे आहे, आणि ते दुसऱ्या मार्गानेही साधते. तरी मार्ग हाच, असा निर्बंध. नखांनी सोललेल्या तांदळाचा भात होईल, पण विधी झाला असे म्हणता येणार नाही.

खेळातील आरंभाचे नियम बहुतांशी ह्याच जातीचे आहेत. धावण्यास उठणे हे फल. ते केव्हाही, कसेही उठून साधेल. परंतु स्पर्श व शब्द झाल्यावरच उठावे, असा निर्बंध. म्हणून ‘ती आधी उठली, पण नंतर हात लागलाच ना!’ हे समर्थन चालत नाही. ते नखांनी सोललेल्या तांदळासारखे आहे. येथपर्यंत अक्षरवाद्यांचे म्हणणे आम्हास मान्य आहे.

परंतु मीमांसकच आणखी एक गोष्ट शिकवतात. कोणती गोष्ट मुख्य आणि कोणती तिचे अंग, हे ओळखल्यावाचून वाक्याचा अर्थ लागत नाही. आरंभाचे सर्वच निर्बंध एका तोलाचे नसतात. बसलेल्या मुलीचा पाय चौरसाबाहेर चार बोटे आला, पण त्याने कोणाची वाट अडली नाही. ही एक गोष्ट. तीच मुलगी ‘खो’च्या अगोदर अर्धे पाऊल उठली, ही दुसरी गोष्ट. पहिलीत व्यवस्था बिघडली. दुसरीत प्रतिपक्षाच्या हातून काही तरी काढून घेतले गेले. पहिल्या प्रसंगी जाणता पंच डाव थांबण्याची संधी साधून ‘बाई, पाय आत’ असे सांगतो, आणि काम भागते. दुसऱ्या प्रसंगी सांगत बसण्यात अर्थ नसतो. कारण ज्या पळणारीची सूचना हुकली, तिला ती परत देता येत नाही. तेथे शिट्टीच वाजली पाहिजे.

ह्याच भेदाचा एक मोठा मासला समुद्रापलीकडे पाहावयास मिळतो. आपल्या पुष्कळ घरांतील मुले-नातवंडे सांप्रत अमेरिकेत आहेत. त्यांच्या तोंडून तिकडच्या ‘फुटबॉल’चे वर्णन वाचकांनी ऐकलेच असेल. त्या खेळात पायापेक्षा हातांचेच काम अधिक. दोन्ही बाजूंचे अकरा-अकरा गडी एका रेषेच्या दोन अंगांस समोरासमोर ठाकतात. मधला गडी चेंडू आपल्या पायांमधून मागे देतो, त्याला ‘स्नॅप’ म्हणतात, आणि तेथून चाल सुरू होते. ह्या स्नॅपच्या अगोदरच्या काही पळांसाठी त्यांनी केवढे नियम रचले आहेत! चढाई करणाऱ्या बाजूचे निदान सात गडी रेषेवर हवेत. जागा बदलल्यावर सर्वांनी पूर्ण एक सेकंद निश्चल राहिले पाहिजे. त्यानंतर फार तर एकाने हलावे, तेही रेषेला समांतर किंवा मागे. रेषेवर ठाण मांडून बसलेल्या गड्याने अंग झटकले, तर ‘खोटा आरंभ’ ठरून पाच यार्ड मागे जावे लागते. चाल पुकारणाऱ्याने आवाजाचे चढउतार करून प्रतिपक्षाला फसवले, तर चालते. परंतु अंगाला झटका देऊन चाल सुरू झाल्याचा आभास केला, तर चालत नाही.

तिकडच्या पंचांनी ह्या नियमांचे व्यवहारात दोन वर्ग पाडले आहेत. अंग झटकण्याला क्षमा नाही. शिट्टी तत्काळ वाजते. परंतु रेषेच्या टोकाला उभा राहणारा गडी थोडा मागे किंवा पुढे असला, तर पुष्कळ वेळा पंच त्याला किंवा त्याच्या गुरूला आधी सूचना देतात. कित्येक गडी स्वतःच बाजूच्या पंचाकडे पाहून, हाताने खूण करून, ‘मी बरोबर उभा आहे ना?’ असे विचारून घेतात.

ह्या शिष्टाचारातून एक प्रसिद्ध वाद उद्भवला. १० डिसेंबर २०२३ रोजी कॅन्सस सिटी चीफ्स व बफेलो बिल्स ह्या संघांचा सामना होता. खेळ संपण्यास अवघी एक-दीड मिनिटे उरली असता कॅन्ससच्या ट्रॅव्हिस केल्सीने आलेला चेंडू पळता पळता मागे फेकला, आणि कडेरियस टोनीने तो घेऊन शेवटच्या रेषेपलीकडे धाव घेतली. पाहणाऱ्यांनी तोंडात बोटे घातली. परंतु चाल सुरू होण्यापूर्वी टोनी रेषेच्या पुढे उभा होता, म्हणून पंचांनी ती सगळी धाव रद्द ठरवली, आणि बफेलोने सामना २० विरुद्ध १७ असा जिंकला. कॅन्ससचे गुरू अँडी रीड ह्यांची तक्रार अशी, की अशा वेळी आधी सूचना मिळण्याची रीत आहे. मुख्य पंच कार्ल शेफर्स ह्यांचे उत्तर असे, की इतकी उघड चूक असता सूचना देणे पंचावर बंधनकारक नाही. टोनी पुढे उभा होता, हे चित्रांत स्पष्ट दिसत होते. पंचांवर जाहीर टीका केल्याबद्दल रीड ह्यांना एक लक्ष, आणि त्यांचा अग्रणी गडी पॅट्रिक महोम्स ह्याला पन्नास सहस्र डॉलर दंड झाला.

आमच्या मते येथे पंचाचीच बाजू खरी. सूचना देणे हे पंचाचे सौजन्य होय, गड्याचा हक्क नव्हे. सौजन्याचा हक्क बनला, म्हणजे प्रत्येक गड्याला एक अपराध फुकट मिळतो, आणि तो नेमका मोक्याच्या क्षणाकरिता राखून ठेवला जातो. विनू मांकड ह्यांचे उदाहरण आपल्याकडील वृद्ध क्रिकेटप्रेमींना आठवत असेल. १९४७ च्या ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यात चेंडू टाकण्यापूर्वीच पुढे सरकणाऱ्या बिल ब्राउनला त्यांनी एका सामन्यात आधी ताकीद दिली, आणि नंतर धावबाद केले. पुढे डिसेंबरात सिडनीच्या कसोटीत त्यांनी त्यालाच पुन्हा तसेच धावबाद केले. तिकडे काहूर माजले. परंतु ऑस्ट्रेलियाचे कर्णधार ब्रॅडमन ह्यांनी मांकडांचीच बाजू घेतली. इतके होऊनही तो प्रकार क्रिकेटच्या नियमावलीत ‘अनुचित खेळ’ ह्या सदराखालीच राहिला होता. २०२२ साली तो तेथून काढून साध्या ‘धावबाद’च्या कलमात घालण्यात आला. नियम न बदलता त्याची जागा बदलल्याने त्याच्यावरचा कलंक पुसला गेला, हे अर्थनिर्णयाच्या अभ्यासकाने ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

कोणी म्हणेल, ही सर्व उठाठेव माणसाच्या डोळ्यामुळे. यंत्र बसवावे, म्हणजे वादच मिटेल. धावण्याच्या शर्यतींत तसे केलेले आहे. पायांखालच्या ठोकळ्यांत यंत्र असते. पिस्तूल वाजल्यापासून एका सेकंदाच्या दशांशाच्या आत पाय हलला, तर तो आवाज ऐकून हललाच नाही, अंदाजाने हलला, असे गृहीत धरतात. २०१० पासून पहिल्याच खोट्या आरंभाला धावपटू शर्यतीतून बाद होतो. २०११ साली देगू येथील जागतिक स्पर्धेत खुद्द उसेन बोल्ट शंभर मीटरच्या अंतिम शर्यतीतून असा बाद झाला. त्याचा आरंभ कोणासही दिसावा इतका उघड होता. परंतु २०२२ साली अमेरिकेतील यूजीन येथे अडथळ्यांच्या शर्यतीत डेव्हन ॲलन हा ०.०९९ सेकंदाला हलला म्हणून बाद ठरला. मर्यादा ०.१०० ची, उणे पडला तो एक सहस्रांश! यंत्राने नियम अक्षरशः पाळला. परंतु सेकंदाच्या एका सहस्रांशात त्याने दुसऱ्या धावपटूंचे काय हिरावून घेतले, ह्याचे उत्तर यंत्रापाशी नाही. कारण तो प्रश्न यंत्राला विचारलेलाच नव्हता. यंत्र मोजते, काय मोजावयाचे आणि कोठे रेघ ओढावयाची, हे शेवटी माणसांनीच ठरवावे लागते. आमच्या तालुक्याच्या मैदानावर असली यंत्रे येण्याची चिन्हे नाहीत, म्हणून दुःख करण्याचे कारण नाही. तेथे डोळे उघडे ठेवणारा पंच पुरे आहे.

त्या पंचाला आम्ही एकच गोष्ट अधिक मागू, ती म्हणजे सातत्य. वर सांगितलेल्या मुलींच्या सामन्यात शेवटची शिट्टी चुकली, असे आम्ही म्हणत नाही. मुलगी आधी उठली होती, हे आम्ही पाहिले. चूक होती ती सकाळी न वाजलेल्या शिट्ट्यांची. पंच जेव्हा पहिल्या डावात अर्धे पाऊल सोडून देतो, तेव्हा तो दया करतो असे त्यास वाटते. वस्तुतः तो त्या मैदानापुरता नियमाचा नवा अर्थ जाहीर करीत असतो. मुले तो अर्थ तत्काळ शिकतात. मग शेवटच्या मिनिटाला तोच पंच पुस्तकातील अर्थ काढून पुढे ठेवतो, तेव्हा त्या मुलीच्या दृष्टीने नियम बदललेला असतो, आणि बदलाची सूचना तिला मिळालेली नसते. पळणाऱ्याला सूचना मिळावी म्हणून ज्या नियमाचा जन्म, त्याच नियमाच्या अंमलात बसलेल्या मुलीला सूचनेवाचून दंड व्हावा, हे विपरीत होय.

घरातही आपण हेच करतो. पंगतीत सर्वांची पाने वाढून, वर तूप पडून, श्लोक म्हणून होईपर्यंत कोणी घास घेऊ नये, अशी आपल्या घरांतली रीत. चार वर्षांच्या नातवाने मध्येच जिलेबीला हात घातला, तर आजी हसून दुसरीकडे पाहते; चौदा वर्षांच्याने घातला, तर डोळे वटारते. हा भेद योग्यच आहे; आजी आशय जाणते. परंतु तोच चौदा वर्षांचा मुलगा रोज घाई करीत असता कोणी काही बोलू नये, आणि पाहुणे बसलेले असता एके दिवशी सर्वांदेखत त्याच्या हातावर चापट मारावी, ह्याला शिस्त म्हणता येत नाही. ती मोठ्यांची लहर होय. त्या मुलाला पंगतीची रीत समजत नाही; फक्त पाहुणे असताना सावध राहावे, एवढेच समजते.

आता उपाय. तो खर्चाचा नाही, आणि त्याकरिता कोणाच्या परवानगीची गरज नाही. सामना सुरू होण्यापूर्वी पंचांनी दोन्ही संघांच्या मुला-मुलींना मध्यपाटीजवळ बोलवावे. एकीला चौरसात बसवावे, दुसरीला मागून यावयास सांगावे, आणि ‘हे बसणे, हे ताठरणे, हे उठणे, येथपर्यंत चालेल, येथून पुढे शिट्टी’ असे करून दाखवावे. दोन्ही पंचांनी ती खूण एकमेकांतही ठरवून घ्यावी, म्हणजे मध्यपाटीच्या ह्या अंगाला एक नियम आणि त्या अंगाला दुसरा, असे होणार नाही. मग पहिले अर्धे पाऊल पडताच, सामन्याच्या पहिल्याच मिनिटाला, शिट्टी वाजवावी. त्या वेळी तिची किंमत थोडी असते. पाठलाग करणाऱ्या संघाला दिशा बदलून चार पावले उलट जावे लागते, इतकेच. पहिल्या मिनिटाची ही स्वस्त शिट्टी शेवटच्या मिनिटाची महाग शिट्टी वाचवते. त्यानंतरही कोणी आधी उठली आणि सामना गेला, तर तिच्या शिक्षकांना तिला समजावून सांगता येईल, आणि तिलाही ते पटेल.

शिक्षकांकडेही थोडे मागणे आहे. मुलींना ‘लवकर उठा’ असे शिकवण्याऐवजी ‘लवकर ऐका’ असे शिकवावे. मागून येणाऱ्या पावलांवर कान, पाठीवरच्या स्पर्शावर मन, आणि शब्द पूर्ण होताच गुडघ्यात बळ. ह्या अभ्यासाने जो वेळ वाचतो, तो कोणाचा चोरलेला नसतो. आणि आम्हा वडील मंडळींनी संध्याकाळी फिरावयास निघताना वैद्यनाथाच्या पायऱ्यांबरोबर शाळेच्या मैदानाकडेही एखादी फेरी करावी. निकाल आपल्या शाळेविरुद्ध गेला, तरी पंचाची शिट्टी पहिल्या मिनिटापासून सारखी वाजत होती काय, एवढे पाहावे. आणि वाजत असेल, तर घरी येऊन मुलांसमोर त्या पंचाविषयी दोन चांगले शब्द बोलावेत. इत्यलम्.